न भिडलेलं नाटक

प्रिय मुली,

परवा रशियन नाटककार चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'चं वाचन संपल्यावर तू म्हणालीस, "सर, मी दोनदा वाचलो, पण काय भिडलंच नाही ओ." सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या आणि तू घाईनं म्हणालीस, "म्हणजे, छान आहे तसं." ते दुसरं वाक्य मला घरी आल्यावरही टोचत राहिलं. पहिलं खरं होतं. दुसरं तू भीतीपोटी बोललीस. ते मागं घे, म्हणून हे पत्र.

चेखव मोठा आहे, हे तुला नाटक हातात पडायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मग आवडलं नाही म्हणजे आपणच कमी, असं वाटणारच. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयचा चेखवच्या कथांवर जीव होता, पण चेखवची नाटकं टॉलस्टॉयला कधी पटली नाहीत. शेक्सपिअर तर मुळीच नाही. मात्र शेक्सपिअरबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा पंचाहत्तरीतल्या या माणसानं ती नाटकं पुन्हा वाचून काढली. त्याआधी पन्नास वर्षं रशियन, इंग्रजी, जर्मन अशा तिन्ही भाषांत वाचत आला होता ते वेगळंच. १९०६ साली छापून आलेला त्याचा निबंध मला पटत नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी त्यानं केलेल्या कष्टांना मी मान देतो. तुझ्याकडूनही मला असाच नकार हवा आहे. 'भिडलं नाही' हे सगळ्या नाटकाबद्दल झालं. नेमकं कुठल्या पानावर सुटलं, ते सांग.

नावांनी दमवलं असेल तर त्यावर उपाय सोपा आहे. बागेची मालकीण, त्या एकाच बाईला कुणी रानेव्स्काया म्हणतं, कुणी ल्युबोव आंद्रेयेव्ना. आंद्रेयेव्ना म्हणजे आंद्रेयची मुलगी. आपण दाखल्यावर मधे वडिलांचं नाव लावतो, तसंच. वहीत सगळी पात्रं स्वतःच्या हातानं लिहून काढ, पुढं नातं लिही. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची, कोल्हापूरची आहे. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, शेजारी शेजारी उभं केलं. आपल्याला दोन्हीकडं निकाली लागतं. दोघं समोरासमोर भिडले पाहिजेत, एकाची पाठ मातीला लागली पाहिजे. मीही त्याच सवयीचा आहे आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं मला, कारण नाटक बघायला मी तिथंच शिकलो. पण 'चेरी ऑर्चर्ड'मधल्या बागेचा लिलाव तुला दिसतच नाही. समोर घरात नाच चाललाय, वाद्यं वाजतायत, आणि बाग तिकडं शहरात विकली जातेय. आपण कुस्ती बघायला बसलो आणि कुस्ती भिंतीपलीकडं. तुला चुकल्यासारखं वाटलं ते यामुळं असेल, असं मला वाटतं.

आता चौथा अंक काढ. बाग विकत घेणारा व्यापारी लोपाखिन आणि रानेव्स्कायाची मानलेली मुलगी वार्या, दोघंच उरतात. तो लग्नाचं विचारणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. वार्या सामानात काहीतरी शोधत राहते. तो विचारतो, आता कुठं जाणार तुम्ही? मग थंडीचं बोलतो, शून्याखाली तीन अंश असेल म्हणतो. ती म्हणते, बघितलं नाही, आमचा थर्मामीटर फुटलाय. बाहेरून हाक येते आणि तो निघून जातो.

हा प्रवेश मी पहिल्यांदा बसवला तेव्हा दोघांना लांब लांब थांबे दिले, मागं बासरी लावली. लोक खुर्च्यांत चुळबुळत होते. मी चेखवला दोष देऊन मोकळा झालो. कितीतरी वर्षांनी वाचलं की १९०४ मध्ये खुद्द चेखवनं बायकोला पत्रात तक्रार केली होती: जास्तीत जास्त बारा मिनिटांत संपायला हवा तो अंक दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्स्कीनं चाळीस मिनिटांवर नेलाय. तो याला कॉमेडी म्हणत होता आणि त्याचा दिग्दर्शक त्यात रडत होता. माझीही चूक तीच होती.

मग पुन्हा एका तालमीत मी वार्या करणाऱ्या मुलीला कपड्यांनी गच्च भरलेली पिशवी दिली आणि एवढंच सांगितलं, शालीची पिन हरवलीय, ती शोध. ती खरंच शोधायला लागली. एक ओढणी काढली, घडी घातली, आत ठेवली, तीच पुन्हा काढली. समोरचा मुलगा घाईत म्हणाला, तीन अंश असेल. तिचा हात ओढणीवरच थांबला. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त हात थांबला. खोलीत कुणी हललं नाही. त्या दिवशी मला ते नाटक भिडलं, आणि तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

एवढं करूनही तुला नाहीच भिडलं, तर नाही. चेखवचंच 'सीगल' मला आजही परकं वाटतं. १८९६ साली पीटर्सबर्गला पडलेलं तेच नाटक दोन वर्षांनी मॉस्कोत लोकांनी डोक्यावर घेतलं, हे माहीत असूनही. मी ते दर दोन-तीन वर्षांनी काढतो, वाचतो, ठेवतो. गटात कुणी विचारलं तर सरळ सांगतो.

रविवारी सकाळी दहाला तालमीला ये. वार्या तू कर, लोपाखिनची वाक्यं मी म्हणतो. येताना पिशवी घरूनच भरून आण, आणि तिच्यात तळाशी एक पिन खरोखरच टाक.

तुझा,
सर