बंद जिनिंगमधलं जुनं वाफेचं इंजिन चोरांपासून आणि गंजापासून कसं वाचवावं?

तुमचा प्रश्न असा: गावाबाहेरची जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) वीस वर्षांपासून बंद आहे, इंजिनघरात वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे, पण पितळी भाग एकेक करून गायब होताहेत, पोरं दगड मारतात, छपराचे पत्रे उडालेत. साध्या माणसाने हे वाचवायला सुरुवात कुठून करावी?

माझे वडील वऱ्हाडातल्या एका जिनिंगमध्ये ऑइलमन होते. मी पुढे फिटर झालो आणि निवृत्त होईपर्यंत यंत्रांच्याच संगतीत राहिलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिनिंगचं इंजिन बारा महिने कधीच चालत नसे. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की धुराडं पेटायचं आणि उन्हाळ्यात हंगाम आटोपायचा. मग मृग लागायच्या आत वडील आणि फायरमन मिळून चार-पाच दिवस इंजिन ‘झाकायचे’. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडून आतलं पाणी पूर्ण काढायचं, पिस्टन रॉड, क्रँक, व्हॉल्व्हचे दांडे अशा सगळ्या चकाकत्या भागांवर चरबी आणि ग्रीसचा जाड हात द्यायचा, तेलाच्या डब्या भरून झाकणं घट्ट करायची. पावसाळाभर दर आठवड्याला चाक पहारीने थोडंसं फिरवून ठेवायचं, म्हणजे भार एकाच जागी बसत नाही. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा बंद राहायची सवय तुमच्या इंजिनाला पहिल्यापासून आहे. फॅक्टरीला टाळं लागलं त्या वर्षी मृगाआधी झाकायला कुणी आलं नाही, घात तिथे झाला. तुम्हाला करायचंय ते मुळात हेच झाकण्याचं काम. इंजिन चालू करणं हा फार पुढचा विषय आहे, आणि नाही झालं तरी चालेल.

पण कामाचा क्रम महत्त्वाचा. तो चुकला की काय होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी खानदेशात अशाच एका बंद जिनिंगमधलं इंजिन आम्ही चार निवृत्त माणसांनी मनावर घेतलं. मालकाच्या घरच्यांनी तोंडी ‘करा’ म्हटलं. दोन रविवार खपून आम्ही जाळी-जळमटं काढली, पितळ घासून लखलखीत केलं. स्थानिक पेपरात फोटोसकट बातमी आली. फार आनंद झाला. पंधरा-वीस दिवसांत इंजिनघराची मागची खिडकी तोडून कुणीतरी ऑइल कप, प्रेशर गेज, तांब्याच्या नळ्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीच्या नावाची पितळी पाटी छिन्नीने उखडून नेली. इतकी वर्षं धुळीखाली काळं पडलेलं पितळ कुणाला दिसत नव्हतं, ते आम्ही घासून दाखवलं आणि वर छापून सांगितलं. पाटीवरचा वर्क्स नंबर, म्हणजे बनवणाऱ्या कारखान्याने त्या इंजिनाला दिलेला क्रमांक, तर आम्ही कुठे लिहूनही ठेवला नव्हता. त्या इंजिनाची जन्मतारीख शोधायचा सगळ्यात सरळ रस्ता भंगारात वितळला. ते आजही मनाला लागतं.

म्हणून तुम्ही आधी कागद करा. जागा कुणाची आणि यंत्र कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सातबारा काढा, गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक काढा. वऱ्हाडात बऱ्याच जुन्या जिनिंग नझूलच्या भाडेपट्ट्यावर आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम दुसऱ्याचं. सहकारी संस्थेची जिनिंग असेल आणि संस्था अवसायनात निघाली असेल, म्हणजे गुंडाळली जात असेल, तर यंत्राचा ताबा अवसायकाकडे (लिक्विडेटरकडे) असतो. त्याचं नाव जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात कळेल. बँकेकडे गहाण असेल तर बँकेला विचारावं लागेल. जो कुणी निघेल त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या: पाहणी, मोजमाप, फोटो, आणि सुटे भाग काढून सुरक्षित ठेवणं. हा कागद नसताना तुम्ही एक नट जरी खिशात घातलात, तरी पोलिसांच्या लेखी तुमच्यात आणि चोरात फरक नाही. अवसायकाला किंवा बँकेला एक पत्र जास्तीचं द्या आणि त्याची पोच घ्या: लिलाव काढण्याआधी आम्हाला कळवा. अशा लिलावांत यंत्र ‘जुनं लोखंड, इतके टन, जसं आहे तसं’ एवढ्याच नावाने जातं. आधी कळलं तर हरकत घेता येते, नाहीतर गावाने वर्गणी काढून भंगाराच्या भावात ते विकत घेता येतं. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी हाच सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय आहे.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी, मागच्या काळातलं विज्ञान किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू बसू शकते. म्हणून इंजिनाचं साल सिद्ध करणं फार मोलाचं. त्याने आपोआप पहारा बसत नाही, पण जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खात्याला लिहिताना पत्राला वजन येतं. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या जवळच्या शाखेलाही प्रत पाठवा. इमारतींच्या वारसा-यादीवर मात्र विसंबू नका. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण ती मुख्यतः वास्तूंचा विचार करते. फिनिक्स मिलचं धुराडं आज मॉलमध्ये उभं आहे. त्याच्या पोटातली यंत्रं कधीच गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि इंग्लंडमधल्या लँकेशरहून आलेले साचे (माग) वजनावर विकले गेले. त्याच १९८२ साली लँकेशरमधल्याच बर्नली गावची क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली. तिथल्या नगरपालिकेने ती १८९५ च्या वाफेच्या इंजिनासह आणि मागांसह जागेवरच ठेवली आणि चार वर्षांत तिचं संग्रहालय केलं. हे वाचून मला हेवा वाटतो.

परवानगी हातात आली की नोंद. पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उठेल. कंपनी, शहर, नंबर सगळं येऊ द्या; नंबर कधीकधी सिलिंडरच्या तोंडावर किंवा क्रँकच्या टोकावरही ठोकलेला असतो. चाकाचा व्यास, सिलिंडरचा व्यास, पिस्टनचा पल्ला मोजा. चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. नुसत्या इंजिनाशी थांबू नका. पट्टा कुठून कुठे जायचा, जमिनीखालचा शाफ्ट, रेच्यांच्या (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या) रांगा, सरकी कुठे पडायची, रुई कुठून प्रेसकडे जायची, हे सगळं कागदावर काढा. आणि त्या जिनिंगमध्ये काम केलेलं जे कुणी माणूस हयात असेल त्याला तिथे नेऊन उभं करा आणि बोलू द्या. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. कुठला कॉक आधी उघडायचा, कुठला बुश तापायचा, भोंगा किती वाजता व्हायचा, हे पाटीवर नसतं. हे काम उद्यावर टाकू नका, ही माणसं ऐंशीच्या पुढे आहेत.

नोंद झाली की पितळ, तांबं आणि गनमेटल काढून घ्या. चोराला इंजिन नको असतं, त्याला हेच हवं असतं. पाटी, गेज, ऑइल कप, ल्युब्रिकेटर, शिट्टी, छोटे व्हॉल्व्ह. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला बांधा, क्रमांक द्या, जिथून काढलं त्या भोकात लाकडी खुंटी ठोका म्हणजे पाणी आणि कचरा आत जाणार नाही. यादीच्या तीन प्रती करा: एक मालकाची, एक ग्रामपंचायतीची, एक तुमची. सगळ्यांच्या सह्या घ्या. मोठे बेअरिंग मात्र काढू नका, त्यावर शाफ्टचा भार असतो. काही लोक नट चोरीला जाऊ नयेत म्हणून वेल्डिंग मारून टाकतात. कृपा करून तसं करू नका. बिडाला (ओतीव लोखंडाला) वेल्डिंगची उष्णता मानवत नाही, तडा जातो. आधी चोरी झाली असेल तर तिची फिर्याद आता तरी द्या आणि गावातल्या भंगारवाल्यांना यादी दाखवून या. चोरीचा माल घेणंही गुन्हा आहे हे त्यांना माहीत असतं, पण कुणीतरी मोजून ठेवलंय हे कळलं की हात आखडतो.

‘फेअरी क्वीन’चं उदाहरण बघा. १८५५ साली बनलेलं हे रेल्वेइंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावायला लागलं, गिनीज बुकात गेलं, आणि तरी २०११ मध्ये त्याचे भाग चोरीला गेले. एवढ्या नावाजलेल्या, सरकारी ताब्यातल्या इंजिनाची ही गत, तर ओसाड इंजिनघराचं काय.

आता पाणी. वऱ्हाडात आपलं एक नशीब आहे: हवा आठ महिने कोरडी असते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि तशी ती आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात राहते. म्हणजे लढाई चार महिन्यांची. पहिला खर्च छपरावरच्या पत्र्यांचा. रंगाचा डबा त्यानंतर. इंजिनाला ताडपत्री गुंडाळून बांधू नका. आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा जास्त गंज चढतो. झाकायचंच तर वर मांडव करा, बाजूने वारा खेळू द्या. भिंतीतला पिंपळ मुळासकट काढा, कबुतरांसाठी जाळी लावा, कारण त्यांची विष्ठा लोखंड खाते. पट्ट्याच्या चरीत साठलेलं पाणी उपसा.

गंजावर ग्राइंडर फिरवू नका, वाळूचा मारा करू नका. सुटा गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा, आणि चकाकत्या भागांवर ग्रीस द्या. जुना रंग जिथे टिकून आहे तिथे त्याला हात लावू नका, तो त्या इंजिनाचा दाखला आहे. सिल्व्हर पेंट तर अजिबात नको. चाक जाम असेल तर झटका देऊ नका. सिलिंडरमध्ये वरच्या कॉकमधून पातळ तेल सोडा, आठवडे लागू द्यात, मग पहारीने बोटभर हलतंय का बघा. एकदा सुटलं की दर महिन्याला फिरवून वेगळ्या जागी थांबवा.

दोन धोके. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर पांढरट, तंतूंचा लेप दिसला तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नका, झाडू नका, मुलांना तिथे जाऊ देऊ नका. जाणकार येईपर्यंत तो भाग बंद करा. आणि हौसेने बॉयलर पेटवायला कुणी निघालं तर आडवे व्हा. निरीक्षकाच्या तपासणीशिवाय जुन्या बॉयलरमध्ये वाफ धरणं म्हणजे जिवाशी खेळ.

कुणीतरी पुढारी म्हणेल, इंजिन उचलून चौकात बसवू, गावाची शोभा वाढेल. तिथे वर छप्पर नसतं, दोन पावसाळ्यांत तळातून गंजून जातं, आणि पायावरून उचललं की पट्टा, शाफ्ट, रेचे यांच्याशी नातं तुटतं. औद्योगिक वारशाच्या २००३ च्या निझनी तागिल सनदेतही जागेवरच जपण्याला पहिलं स्थान आहे.

दगड मारणाऱ्या पोरांबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात, वर्ध्याच्या बाजूला, आम्ही शाळेच्या गुरुजींना विचारून आठवी-नववीची मुलं तिथे आणली. म्हाताऱ्या फायरमनने त्यांना चाकाला हात लावू दिला, तेल घालायला दिलं. मी त्यांना शकुंतला या आपल्याकडच्या छोट्या रेल्वेचं सांगितलं, की १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूरकडची गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं, ते रोज कुणीतरी तेल घालत होतं म्हणून. काचा फुटणं पुरतं थांबलं असं नाही, पण कुणी फोडली हे आता आम्हाला त्याच दिवशी कळतं. मागचं झुडूप तोडलं, एक दिवा लावला, आणि फायरमनकाका रोज संध्याकाळी तिथल्या ओट्यावर बसायला लागले. तिथून गेल्या चार वर्षांत एक वॉशरही गेलेलं नाही.

तुमच्या इंजिनाची पाटी अजून जागेवर असेल तर आजच ठसा घ्या. नाव आणि नंबर इथे उघड लिहू नका, मला संदेशातून पाठवा. साल काढायला मी मदत करीन. आणि छपराचे किती पत्रे लागतील ते मोजून ठेवा, मृगाला फार दिवस उरलेले नाहीत.