आधी युरिडिकी, सिकंदर नंतर

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

सिकंदराच्या मॅसिडोनियावरचा तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. मेहनत घेतली आहेस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. शीर्षकातला ‘प्राचीन मॅसिडोनियन लोक ग्रीक होते का?’ हा प्रश्न आधी काढून टाक. या प्रश्नाकडे येणारे बहुतेक जण उत्तर खिशात घालून येतात आणि मग पुरावे शोधायला लागतात. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला, स्कोपिये राजधानी असलेल्या नव्या देशाने मॅसिडोनिया हे नाव लावलं आणि लवकरच झेंड्यावर उत्तर ग्रीसमधल्या व्हर्गिनाच्या थडग्यातला सोळा किरणांचा तारा घेतला. ग्रीस खवळला. १९९४ मध्ये त्याने व्यापारबंदी घातली, पुढच्या वर्षी नव्या देशाने झेंडा बदलला, पण नावाचं भांडण २०१८ च्या प्रेस्पा करारापर्यंत चालूच होतं. त्या वर्षांत या विषयावर छापलेलं काहीही हातात घेतलंस की लेखक कुठला, साल कोणतं आणि पैसा कोणाचा, हे आधी बघ. मजकूर त्यानंतर.

प्राचीन लेखकांचंही तेच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की मॅसिडोनियाचा पहिला अलेक्झांडर (सिकंदराचा पूर्वज) ऑलिम्पिकच्या शर्यतीत उतरायला गेला तेव्हा बाकीच्या स्पर्धकांनी हरकत घेतली. आपलं घराणं मूळचं आर्गोसचं आहे हे त्याने पटवून दिल्यावर त्याला धावू दिलं. परवानगी मिळाली ती राजाला. त्याच्या प्रजेबद्दल तिथे कोणी काहीच ठरवलं नाही. इ.स.पू. ३४६ मध्ये अथेन्सचा आयसॉक्रेटिस सिकंदराच्या बापाला, दुसऱ्या फिलिपला, गळ घालतो की ग्रीकांचं पुढारपण घे, आणि त्याच दमात सांगतो की तुझ्या मूळपुरुषाने राज्य करायला परक्या कुळाचे लोक निवडले. पाच वर्षांनी डेमॉस्थेनीस अथेन्सच्या सभेत म्हणतो की फिलिप ग्रीक तर नाहीच, पण जिथून पूर्वी धड गुलामही विकत मिळत नसे अशा मुलखातला आहे. यांपैकी कोणीही वंशशास्त्राचा अभ्यास करायला बसलेला नव्हता. एकाला पुढारी हवा होता, दुसऱ्याला शत्रू.

माझं मत विचारशील तर सांगतो. सामान्य मॅसिडोनियन जे बोलत ती ग्रीकचीच एक उत्तरेकडची बोली असावी, असं मला वाटतं. १९८६ मध्ये पेल्ला या मॅसिडोनियाच्या राजधानीतल्या एका थडग्यात शिशाचा गुंडाळलेला पत्रा सापडला, त्यावरचा मजकूर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका बाईने डायोनिसोफोन नावाच्या पुरुषाचं थेटिमाशी होऊ घातलेलं लग्न मोडावं म्हणून घातलेला तो शाप आहे. भाषा वायव्य ग्रीकच्या वळणाची, अथेन्सची नव्हे. मी स्वतः पत्रा उकरून, उलगडून वाचेन तेव्हाच त्याने दुसरी करावी, असं ती म्हणते. (उकरला शेवटी पुरातत्त्ववाल्यांनी. तोवर डायोनिसोफोनचं काय झालं कोण जाणे.) हा पुरावा मला मोलाचा वाटतो, कारण त्या बाईला आपली भाषा कोणाला दाखवायची नव्हती. पण एका पत्र्यावरून अख्ख्या राज्याची बोली ठरवायला मी धजणार नाही. आणि भाषा ठरली तरी त्या लोकांना स्वतःबद्दल काय वाटत होतं, हे ठरत नाही. एर्न्स्ट बेडियन आणि युजीन बोर्झा या इतिहासकारांनी याच दरीवर बोट ठेवलं. हॅमंड आणि हाट्झोपुलोस वेगळ्या बाजूने बोलतात. चौघांनाही वाच. कोणाचाही झेंडा खांद्यावर घेऊ नकोस.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. मॅसिडोनियनांनी स्वतः लिहिलेला इतिहास जवळजवळ सगळा नष्ट झाला आहे. सिकंदराचा सेनापती टॉलेमी याच्यासारख्यांनी लिहिलेलं आपल्याला दुसऱ्यांच्या उताऱ्यांतून कळतं. सिकंदरावर आपण ज्याला सर्वांत विश्वासार्ह मानतो तो एरियन रोमन साम्राज्यात, सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहितो. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही. तारीख आणि प्रसंग जुळत नसतील तर बखरीवर किती भिस्त ठेवायची, हे तू शिवकालाच्या अभ्यासात शिकलेलीच आहेस. तो संशय इकडे येताना घरी ठेवून आलेली दिसतेस. आराखड्यात प्लुटार्क, कर्टियस, जस्टिन, डायोडोरस हे शतकांनंतर लिहिणारे सगळे एकाच ओळीत, एकाच वजनाने उद्धृत केले आहेस.

याचं औषध म्हणून सिकंदर सध्या बाजूला ठेव आणि त्याच्या आजीपासून सुरुवात कर.

युरिडिकी ही तिसऱ्या अमिंतासची बायको, दुसऱ्या फिलिपची आई. जस्टिनमध्ये ती राक्षसीण आहे: जावयाशी संधान बांधते, नवऱ्याला मारायचा कट करते, पुढे अलेक्झांडर आणि पर्डिकस या पोटच्या पोरांना संपवते. अथेन्सचा वक्ता एस्किनीस याच्या भाषणात हीच बाई विधवा, अडचणीतली आई आहे. गादीवर दुसराच हक्क सांगणारा चालून आला तेव्हा अथेन्सच्या इफिक्रातेस या सेनापतीला बोलावून तिने पर्डिकसला त्याच्या हातात दिलं, लहानग्या फिलिपला त्याच्या मांडीवर बसवलं आणि मदत मागितली. प्लुटार्कच्या नावावर असलेल्या, पण आज त्याचा मानला न जाणाऱ्या एका निबंधात ती इलिरियन बाई मुलांच्या शिक्षणासाठी उतारवयात अक्षरं शिकते आणि म्युझ या विद्या-कलांच्या देवतांना लेख अर्पण करते.

बाई एक आणि गोष्टी तीन. सरासरी काढायला जाऊ नकोस, प्रत्येक साक्षीदाराला वेगळं उभं कर. जस्टिनचं पुस्तक म्हणजे ऑगस्टसच्या काळातल्या ट्रोगसच्या मोठ्या ग्रंथाचा नंतर कधीतरी केलेला संक्षेप. त्यात पर्डिकसला आईने मारलं आहे. डायोडोरस मात्र सांगतो की पर्डिकस इलिरियनांशी लढताना चार हजार माणसांसह पडला. एवढी मोठी लढाई आणि तिच्यानंतर फिलिपच्या वाट्याला आलेली धावपळ कोणी मागाहून रचली असेल, असं वाटत नाही. म्हणजे निदान त्या एका खुनातून युरिडिकी सुटते. एस्किनीस अथेन्सचा राजदूत होता, फिलिपची खुशामत करायला त्याच्याकडे कारण होतं. पण ही हकीकत आपण वकिलातीत खुद्द फिलिपसमोर सांगितली, असं तो म्हणतो, आणि ज्याच्या आईची गोष्ट आहे त्याच्या तोंडावर ती फार वाकवता येत नाही. वाकवली असलीच तर कुठल्या दिशेने, याचा अंदाज तरी बांधता येतो.

मग दगडाकडे जा. व्हर्गिनाला युक्लिया या देवीच्या स्थानाजवळ पुतळ्याच्या बैठकी सापडल्या, त्यांवर तीन शब्दांचा लेख आहे: सिर्रासची मुलगी युरिडिकी हिने युक्लियाला. नवऱ्याचं नाव नाही, मुलाचं नाही, पदवी नाही. बापाचं नाव मात्र आहे. ती राजघराण्यातली होती हे त्या काळात तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं म्हणून पदवी नाही, की राणीला पदवी लावायची पद्धतच अजून पडली नव्हती? युक्लिया म्हणजे सुकीर्तीची देवी. जिच्या कीर्तीवर पुढे एवढा चिखल उडाला तिने हीच देवी का निवडली, याचा विचार इतिहासकार एलिझाबेथ कार्नी यांनी चांगला केला आहे. त्यांचं वाचायच्या आधी आठवडाभर तो लेख नुसता समोर ठेवून बस. तीन शब्दांतून किती निघतं आणि कुठून पुढे आपलीच कल्पना सुरू होते, ही सीमा डोळ्यांना दिसायला लागली पाहिजे.

थडग्यांबद्दल तू मोठ्या उत्साहाने लिहिलं आहेस, आणि इथेच सर्वांत जास्त घसरली आहेस. ‘फिलिपचं थडगं’ हे शब्द विनाअट वापरले आहेस. एगाई ही जुनी राजधानी व्हर्गिनाजवळ असावी, हे हॅमंड यांनी १९६८ मध्ये मांडलं. तोवर ती एडेसाला असल्याचं धरून चालत. नोव्हेंबर १९७७ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ मानोलिस अँड्रोनिकोस यांनी तिथल्या मोठ्या टेकाडाखाली न लुटलेलं थडगं उघडलं; संशोधक त्याला ‘दुसरं थडगं’ म्हणतात. सोन्याच्या पेटीत पुरुषाची जळालेली हाडं, पुढच्या खोलीत दुसऱ्या पेटीत बाईची, सोनेरी-जांभळ्या कापडात गुंडाळलेली. आत शस्त्रं, चांदीची भांडी, दर्शनी भिंतीवर शिकारीचं चित्र. फक्त नाव कुठेही नाही.

अँड्रोनिकोस म्हणाले, हा दुसरा फिलिप, ३३६ मध्ये एगाईच्या नाट्यगृहात खून झालेला. दुसरे म्हणाले, हा त्याचा मुलगा फिलिप अर्हिडेयस. ३१७ मध्ये मारला गेला आणि मॅसिडोनियाची सत्ता घेतलेल्या कसांडरने त्याला बायकोसह एगाईला राजेशाही थाटात पुरलं. दोघांत वीसेक वर्षांचं अंतर. ते कापायला लोक कशाकशावर जाऊन बसले ते बघ. छत कमानीचं आहे, तर तशी कमान सिकंदराच्या स्वारीनंतरच मॅसिडोनियात आली का? सुसान रोट्रॉफ यांनी १९८४ मध्ये दाखवलं की थडग्यातल्या लहानशा मीठदाण्यांसारख्या मीठदाण्या अथेन्सच्या बाजारचौकात चौथ्या शतकाच्या अखेरच्या थरांत मिळतात. सोन्याच्या पेटीपेक्षा मला त्या मीठदाण्यांचा युक्तिवाद जास्त आवडतो. राजाची ओळख वाण्याच्या मालावर येऊन ठेपली होती.

हाडांचं प्रकरण तर धडा म्हणून शिकवावं असं आहे. मेथोनी या शहराच्या वेढ्यात फिलिपचा उजवा डोळा गेला होता. १९८४ मध्ये ब्रिटिश संशोधकांना कवटीवर त्या जखमेची खूण दिसली. २००० मध्ये बार्ट्सिओकास यांनी ती जखम नव्हेच, जळताना आणि जोडताना झालेला फेर आहे, असं छापलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या लुटलेल्या पहिल्या थडग्यातल्या एका पायाचा आखडलेला गुडघा पुढे करून सांगितलं की लंगडा फिलिप इथे आहे. त्याच वर्षी अँटिकास दांपत्याने दुसऱ्या थडग्यातली हाडं नव्याने तपासून अँड्रोनिकोस यांच्या बाजूने कौल दिला. तू हाडांची तज्ज्ञ नाहीस, मीही नाही. अशा वेळी प्रबंधात ‘दुसरं थडगं’ एवढंच लिहायचं आणि वाद कुठे उभा आहे ते सांगून पुढे जायचं. परीक्षकांना ते भित्रेपणाचं वाटलं तर वाटू दे.

भाषांबद्दल थोडक्यात. प्राचीन ग्रीक येत नसेल तर हा विषय घेऊ नकोस. आधुनिक ग्रीक तू यादीत शेवटी, ‘जमल्यास’ म्हणून टाकलं आहेस. ते वर आण. उत्तर ग्रीसमधल्या उत्खननांचे अहवाल १९८७ पासून थेस्सलोनिकीच्या वार्षिक परिषदेच्या खंडांत निघतात आणि ते बहुतांश ग्रीकमध्येच असतात. आर्खोंटिकोची हजारावर थडगी, सोन्याचे मुखवटे घातलेले सहाव्या शतकातले योद्धे, हे सगळं तिथेच आधी आलं. इंग्रजीत सारांश येईपर्यंत थांबलीस तर नेहमी शिळं वाचशील. उंच डोंगराळ मॅसिडोनियाकडे वळायचं ठरवलंस, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या बिटोलाजवळची हेराक्लिया वगैरे, तर स्लाव्ह भाषांना पर्याय नाही.

भारताचा धागा जोडायचा मोह तुला झालाय, तो मला समजतो. खरा धागा एकच धडधाकट आहे: अशोकाच्या तेराव्या शिलाशासनात ग्रीक राजांच्या यादीत अंतिकिनी येतो, तो मॅसिडोनियाचा अँटिगोनस गोनाटस. गिरनार, कालसी, शाहबाजगढी इथे तू तो वाचू शकतेस. सोपाऱ्याला मात्र फक्त आठव्या आणि नवव्या शासनांचे तुकडे मिळाले आहेत. तुझ्या आराखड्यातलं ‘महाराष्ट्रातल्या शिलालेखात मॅसिडोनियाचा राजा’ हे वाक्य खोडून टाक. कार्ले-जुन्नरच्या यवन दात्यांनाही या प्रबंधात ओढू नकोस. ते पुष्कळ नंतरचे आहेत आणि त्यांच्यापैकी कोण कुठून आलं हे तो दगड सांगत नाही.

तर विषय असा धर: चौथ्या शतकातल्या मॅसिडोनियातल्या स्त्रियांचे अर्पणलेख आणि थडग्यांवरची नावं. टेकाडाच्या भरावात अँड्रोनिकोस यांना फुटक्या थडगेदगडांचा ढीग सापडला होता. तो बहुधा इ.स.पू. २७४ मध्ये एपिरसचा राजा पिऱ्हस याच्या गॉल भाडोत्री सैनिकांनी एगाईची थडगी लुटली त्या धुमाकुळातला. राजे सोडून इतर माणसं तिथे भेटतात. कोणाच्या मुलीचं नाव काय, नावं कुठल्या घडणीची, बाप आधी की नवरा आधी, हे मोजता येतं आणि कोणत्याही सरकारला त्याची फारशी पडलेली नसते.

व्हर्गिनाला जायचा योग आला तर टेकाडाखालच्या संग्रहालयात रेंगाळू नकोस, तिथे सगळेच रेंगाळतात. वर राजवाड्याकडे जा. दीर्घ दुरुस्तीनंतर जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. नाट्यगृह त्याच्या पायथ्याशीच आहे. दोन्हींमधलं अंतर पायी चाल, मग फिलिपच्या खुनाची डायोडोरसने दिलेली हकीकत पुन्हा वाच आणि कोण कुठे उभं असेल त्याचा नकाशा काढ.

पुढच्या महिन्यात नवा आराखडा पाठवू नकोस. युक्लियाच्या लेखाचं तुझं स्वतःचं वाचन पाठव: अक्षरांचं वळण, कालनिर्णयाची कारणं, आणि जिथे तुला खात्री नाही त्या जागी तांबड्या शाईने खूण. टंकलेखन नको, हाताने लिही.

तुझा,
सर