ढोलीचं झाड शेवटपर्यंत राखा

रानातले प्रश्न: वाचकांची पत्रं आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त वनपालाची उत्तरं

प्रश्न: केरी-सत्तरी भागात डोंगराच्या उतारावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. माट्टी, किंदळ, जांभा, दोन जुनी गोटिंग (बेहडा), थोड्या सावरी आणि व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) रुमड (उंबर). पुतणीचं लग्न आणि घराचं छप्पर, दोन्ही एकदम आलंय. लाकडाचा व्यापारी म्हणतो, सरसकट तोड नको, निवडून वीसेक झाडं काढू. पोकळ आणि वठलेली झाडं तो फुकटात पाडून देईल, म्हणजे रान साफ होईल. धाकटा भाऊ म्हणतो, निवडून तोडलं तर जनावरांचं काही बिघडत नाही. हे खरं का? (एक वाचक, केरी)

तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे. उष्ण प्रदेशांतल्या रानांवरच्या शंभराहून जास्त अभ्यासांचा एक आढावा २०१२ साली आला. एकदाच आणि निवडून तोड झालेल्या रानात सस्तन प्राणी, पक्षी, कीटक आणि वनस्पती यांच्या ८५ ते १०० टक्के जाती टिकून राहतात, असं त्यात दिसलं. पण २०१४ च्या दुसऱ्या आढाव्यात, किती काढता यावर सगळं अवलंबून असल्याचं स्पष्ट झालं. हेक्टरी ३८ घनमीटर लाकूड काढलं की सस्तन प्राण्यांच्या जाती निम्म्यावर येतात, आणि ६३ घनमीटरला बेडकांसारख्या उभयचरांच्या. तुमची जमीन किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. दहा हेक्टरांतून वीस झाडं जाणं आणि एका हेक्टरातून वीस जाणं यांत फार मोठा फरक आहे. तो हिशेब आधी करा.

मला खरी काळजी वाटते ती त्या फुकटच्या कामाची. व्यापाऱ्याला जे झाड कवडीमोल, ते जनावरांना सगळ्यात मोलाचं असतं. नोकरीत असताना कोणत्या झाडावर तोडीच्या खुणेचा हातोडा मारायचा हे ठरवताना माझा सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो याच मुद्द्यावर.

ढोली कशी होते ते बघा. वादळात मोठी फांदी तुटते, जखमेत पावसाचं पाणी जातं, बुरशी आतला गाभा खात जाते. बाहेरची साल आणि ताजं लाकूड जिवंतच असतं, म्हणून आतून पोकळ झाड वर्षानुवर्षं पालवतं, फळतं. ते मरायला टेकलंय हा समज चुकीचा. धनेशाची मादी शिरेल एवढी पोकळी व्हायला खोड आधी तेवढं जाड व्हावं लागतं, आणि त्याला माणसाच्या पिढ्या लागतात. धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. मादी आत बसते, विष्ठा आणि चिखल यांनी तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मोठ्या धनेशाची मादी अशी तीन-चार महिने कोंडून असते आणि त्या काळात नराने आणलेल्या फळांवर तिचं नि पिल्लांचं पोट चालतं. त्यांची पसंती बहुतेकदा कसल्या झाडाला? जुन्या गोटिंगाला, सावरीला. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

वठलेल्या झाडाचंही तसंच. सुतार पक्षी आणि कुटुरगा त्याच्या मऊ लाकडात बिळं पाडतात, एक हंगाम राहतात आणि सोडून जातात. मग त्यांत पोपट येतात, डोंगरी मैना येते, पिंगळा येतो. मोठ्या पोकळीत उडती खार, वटवाघळं, मोठी घुबडं. एक वठलेला माट्टी पाडला की असे कित्येक बिऱ्हाडकरू एकदम बेघर होतात आणि तुम्हाला पैसा एकही मिळत नाही. घराच्या किंवा वाटेच्या अंगावर येणारं वठलेलं झाड काढावंच लागतं, त्याला इलाज नाही. आत रानात उभं आहे ते उभं राहू द्या. पडलं तर पडलेलं राहू द्या. कुजणाऱ्या ओंडक्याखालच्या ओलाव्यात वाळवी, गोम, बेडूक, जमिनीत राहणारे लहान साप असतात, आणि वाळवीसाठी खवले मांजर तिथे येतं.

शेकरूसाठी वेगळी गोष्ट सांभाळायला हवी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. ते वीस फुटांपर्यंत उडी घेतं, त्यापेक्षा रुंद खिंडार पडलं तर पलीकडचं रान त्याला परकं. एक शेकरू पानं-काटक्यांची एकाहून जास्त घरटी बांधतं आणि तीही जिथे शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या असतात तिथेच. लोरिस (रात्री फिरणारा, माकडाचा लहानसा नातलग) तर उडी मारतच नाही. हाताने फांदी धरून, दुसरी पकडून, मगच पहिली सोडतो. तेव्हा वीस झाडं एकाच पट्ट्यातली नकोत. विखरून काढा आणि डोंगरमाथ्यापासून व्हाळापर्यंत फांद्यांची वाट कुठेतरी अखंड राहील असं बघा. गारंबीसारख्या वेलींनी झाडं एकमेकांना बांधलेली असतात. वेल न कापता झाड पाडलं तर ते शेजारची दोन-तीन ओढून घेऊन येतं. म्हणून जे झाड जाणार त्याच्यावरच्या वेली काही महिने आधी कापून ठेवा. बाकीच्या वेलींना कोयता लावू नका, लोरिसाचे पूल तेच आहेत.

रुमडाला हात नको. लाकूड म्हणून त्याला भाव नाही, आणि बाकीचं रान कोरडं असताना ती जात फळते. धनेश, शेकरू, कुटुरगा, उदमांजर सगळे तिच्यावर जगतात. व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडंही तशीच ठेवा. मलबारचा उडता बेडूक पावसात पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं टांगतो आणि पिल्लं तिथून पाण्यात पडतात. फांदी गेली की पुढचं सगळंच गेलं.

आता वेळ. आपल्याकडे तोड चालते ती रस्ता सुकल्यावर, फेब्रुवारी ते मे. नेमक्या त्याच काळात धनेशाची मादी कोंडून असते, सुतार आणि पोपट पिल्लांवर असतात. तुमचं काम नोव्हेंबर-डिसेंबरात उरका. व्यापारी कुरकुरेल, मजूर तेव्हा भातकापणीत असतात म्हणेल. ऐकू नका. दर ठरवतानाच ही अट कागदावर घाला.

परवानगीबद्दल एकच सांगतो. स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिवाय तुमचं रान सलग किमान पाच हेक्टर असेल, छत्राची घनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेल्या जमिनीचा वाटा) किमान ०.४ असेल आणि झाडांत किमान ७५ टक्के रानटी जाती असतील, तर ते खासगी वन ठरू शकतं आणि मग सगळाच मार्ग बदलतो. आगाऊ रक्कम घेण्याआधी हे तपासून घ्या.

प्रश्न: मी प्राणिशास्त्र शिकते. आमच्या गावाजवळ दोन वर्षांपूर्वी एका खासगी जमिनीत झाडं तोडली. तिथे सकाळी बसले तर शेजारच्या घनदाट रानापेक्षा जास्त पक्षी दिसतात. मग तोड पक्ष्यांना उपकारकच म्हणायची का? (एक विद्यार्थिनी, सांगे)

तुझं निरीक्षण खोटं नाही. वर सांगितलेल्या २०१४ च्या आढाव्यातही पक्ष्यांच्या जातींची एकूण संख्या तोडीबरोबर वाढलेली दिसते. आता तुझी यादी काढ आणि नावं वाच. बुलबुल, सातभाई, कोतवाल, सूर्यपक्षी, होला असतील. हे कुळागरात, परसात, रस्त्याकडेला सगळीकडे भागवून घेणारे. ऊन आलं, झुडपं वाढली, घाणेरी फुलली, की ते येतात. त्या यादीत कर्णा आहे का? तो सावलीतला पक्षी, कुजलेल्या खुंटात घरटं करणारा. मोठा काळा सुतार आहे का? धनेश तिथे नुसता वरून उडून जातो की बसतो? आकडा वाढत असताना नेमके तेच गळतात ज्यांना दुसरीकडे जागा नाही. मलबारचा राखी धनेश साऱ्या जगात फक्त सह्याद्रीत आहे. बुलबुलाच्या दहा जोड्या त्याची भरपाई करू शकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक सावधगिरी. मोकळ्यावर पक्षी नजरेस पडतो, दाट रानात तो फक्त ऐकू येतो. म्हणून दोन्हीकडे उजाडतानाच्या त्याच वेळी, तेवढाच वेळ बस आणि दिसलेल्यांइतकंच आवाजांना महत्त्व दे. आवाज ओळखायला शिकायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी लागेल. शिक. हे काम सांग्यात कुणीतरी धरून करायलाच हवं, आणि तुझ्या पत्रावरून तू ते करशील असं वाटतं.

प्रश्न: आमची काजूची बाग रानाला लागून आहे. बोंडू पडायच्या आधी आम्ही सगळी झुडपं कापतो आणि पातेरा जाळतो, नाहीतर बिया सापडत नाहीत. याने लहान जनावरांचं किती नुकसान होतं? (एक बागायतदार, काणकोण)

बरंच, आणि थोडं तुमचंही. पिसोरी सशाएवढं हरीण, धोका वाटला की पळण्याआधी दडून बसतं. रानकोंबडी उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालते. साळिंदर, मुंगूस, रानउंदीर, चिचुंद्री यांचा आडोसा म्हणजे तोच पातेरा आणि तीच झुडपं. सगळं एका आठवड्यात भुईसपाट झालं तर जायचं कुठे?

उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत हे नीट मोजलं गेलं आहे. सरसकट तोड झाली की लाल पाठीचा व्होल नावाचा उंदीर झपाट्याने कमी होतो, कारण त्याला ओलसर ओंडके आणि जमिनीखालची बुरशी लागते. ती खाऊन तो तिचे बीजकण पसरवतो आणि झाडांची मुळं त्या बुरशीवर पोसतात. त्याच जागी कुठेही जगणारा दुसरा उंदीर वाढतो. जाती आपल्याकडे वेगळ्या, पण उघड्या केलेल्या बागेत कोणता उंदीर उरतो हे तुम्ही बियांच्या राशीवर पाहत असालच. त्याला खाणारं घुबड आणि धामण मात्र आडोसा गेला की निघून जातात.

बिया सापडण्यासाठी झाडाच्या घेराखालची जागा स्वच्छ असली की पुरते. तेवढी बेणून घ्या. दोन ओळींच्या मधला पट्टा गुडघाभर राहू द्या, व्हाळाकाठ आणि रानाकडची कड बिलकूल कापू नका. कापताना रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून रानाच्या दिशेला सरका, म्हणजे आतलं जनावर रानात निघून जाईल. चारी बाजूंनी मधे येत गेलात तर ते शेवटच्या झुडपात अडकतं आणि कोयत्याखाली सापडतं.

आणि आग? कृपा करून नको. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास डोंगरच्या डोंगर जळताना आपण सगळ्यांनी पाहिले. खवले मांजर धोक्यात गुंडाळी करून जागच्या जागी थांबतं. बिबट्यासमोर तो उपाय चालतो, आगीसमोर चालत नाही. पातेरा ओढून काजूच्या बुंध्याशी घाला, उन्हाळ्यात ओल राहील. तणनाशकाने काम हलकं होतं हे खरं, पण ते किडेही संपवतं आणि किड्यांवर जगणारे पक्षीही दुसरीकडे जातात.

प्रश्न: चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर रानफळं-पानं टांगतात त्या चौकटीसाठी) आम्ही रानातून माट्टीची फळं, कांगलां, कवंडळं आणतो. हल्ली बाजारात टोपल्याच्या टोपल्या येतात. पाखरांच्या तोंडचा घास आपण काढतो का? (एक गृहिणी, डिचोली)

घरच्या माटोळीपुरतं काढलं तर नाही. उलट माटोळीमुळे घरातल्या मुलांना रानातली झाडं नावानिशी कळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. बिघडतं ते विक्रीसाठी ओरबाडताना. कवंडळाची वेल मुळासकट ओढली जाते, माट्टीची फळांनी भरलेली फांदीच तोडली जाते. धारदार कोयतीने देठाशी कापा, हात पोचत नाही ते वरचं पाखरांना सोडा. देवराईतून काहीच काढू नका. बांबरच्या निरंकाराच्या राईतली दलदलीतली रानजायफळं अजून आहेत ती जुन्या माणसांनी तो नेम पाळला म्हणून. बाजारात घेत असाल तर मुळं लोंबणारी वेल घेऊ नका आणि का घेत नाही ते विकणाऱ्या बाईला समजावून सांगा.

प्रश्न: ढोलीची झाडं गेली तर लाकडी पेट्या टांगून चालेल का? (एक वाचक, फोंडा)

काही जातींना चालतं. अमेरिकेत १९८९ च्या ह्युगो वादळाने पाइनची जुनी झाडं मोडली, तेव्हा तिथल्या एका दुर्मीळ सुतार पक्ष्यासाठी जिवंत झाडांच्या खोडात पेट्या बसवल्या आणि पक्षी त्यांत राहिले. पण ते खर्चाचं, निगराणीचं काम आहे आणि पेट्या बदलत राहाव्या लागतात. झाड शिल्लक असताना पेटीचा विचार करू नका. परसात दयाळ किंवा पिंगळ्यासाठी लावायची असेल तर जरूर लावा: रंग न दिलेलं जाड लाकूड, तोंड नैऋत्येच्या पावसाकडे नको, तळाला पाणी निथळायला दोन बारीक भोकं, आणि पिल्लं उडून गेल्यावर चवथीनंतर एकदा साफसफाई.