रॅटमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन मोजायला बसण्याआधी

ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, त्याने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच, त्याने मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीमधून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक, आणि तेच परत वरच्या दोघांना आवरतं. ही आकृती तुला पाठ असेलच. खरी गंमत वेळेची आहे. रॅटला पिंजऱ्यातून उचललंस की साधारण ३ मिनिटांत रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन चढायला लागतं, एसीटीएच त्याहूनही आधी. म्हणून मूळ पातळीचा नमुना त्याच्या आतच घे, नाहीतर तू स्वतःच्या हाताळणीचा ताण मोजत बसशील. घड्याळही बघ. रॅट निशाचर आहे, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन दिवे मालवायच्या सुमारास सर्वात जास्त असतं. सकाळ-संध्याकाळचे नमुने एकत्र करू नकोस.

कॉर्टिकोस्टेरॉन वरच्या दोघांना लावतं ते लगामही दोन वेगांचे. एक मिनिटांत लागतो, दुसरा तासांनी, कारण त्यात जनुकांचं कामच मंदावतं.

डेक्सामेथासोन (कॉर्टिकोस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) टोचल्यावर एसीटीएच पडलं, की लगेच ‘मेंदूने आवरलं’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. कमी मात्रेत हे औषध मेंदूत फारसं शिरतच नाही. रक्त-मेंदू अडथळ्यावरचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप त्याला बाहेर काढतो. परिणाम मुख्यतः पिट्युटरीवर होतो.

आणि अ‍ॅड्रिनल काढलेले रॅट वापरणार असशील (त्यांचं एसीटीएच भरमसाट वाढतं), तर त्यांना प्यायला ०.९ टक्के मिठाचं पाणी ठेव. साध्या पाण्यावर ते फार दिवस तग धरत नाहीत.