वाचक विचारतात : गुलकंद का आंबतो?

प्रश्न : जूनमध्ये मंडईतून गुलाब आणून गुलकंद घातला. आठवड्यात बरणीत फेस आला, आंबूस वास सुटला. उकळून वाचवता येईल का? (कोथरूड)

उत्तर : नाही, टाकून द्या. आंबलेल्या बरणीत बुरशीही असू शकते, आणि तिने तयार केलेली विषं उकळून पूर्ण जात नाहीत. गुलकंद टिकतो तो साखरेच्या जोरावर. पाकळ्यांत ओल राहिली की पाक पातळ होतो आणि त्यात यीस्ट वाढतं. त्यात पुण्याच्या जूनमध्ये उन्हाचा भरवसा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हाच गुलकंदाचा काळ.

पाव किलो पाकळ्यांना निदान पाव किलो साखर हवी. टिकाऊ हवा असेल तर अर्धा किलो. सकाळी ऊन चढायच्या आत तोडलेली फुलं घ्या, कारण उन्हाबरोबर सुगंध उडून जातो. देठ, हिरवी निदलं, केसर काढा. पाकळ्या धुऊन सुती कापडावर सावलीत पसरा. पाकळी बोटात चोळल्यावर बोट ओलं झालं तर अजून थांबा. मग साखरेबरोबर हाताने चुरडून काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा, तोंडाला मलमल बांधा. तीन-चार आठवडे दिवसा उन्हात, रात्री घरात. दिवसाआड कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून ढवळा. ओला चमचा एकदाच लागला तरी बरणी वाया जाऊ शकते. रंग गडद तपकिरी-लाल झाला, पाकळी दोन बोटांत सहज विरघळली, की गुलकंद मुरला.

आता फुलांबद्दल, कारण आमच्या मते खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. मावळातल्या पॉलिहाऊसचा डच गुलाब लांब दांड्यासाठी आणि फुलदाणीत टिकण्यासाठी वाढवलेला असतो. त्याला वास बेताचा, आणि फुलकिडे, लाल कोळी, भुरी अशा कीड-रोगांवर फवारण्या झालेल्या असतात. आंतरप्रवाही औषध पाकळीच्या आत शिरतं, ते धुऊन निघत नाही. तो गुलाब खाऊ नका. घरचा किंवा बिनफवारणीचा खात्रीचा, वासाचा गावठी गुलाब घ्या. नर्सरीतून नवं रोप आणलं असेल तर पहिले काही बहर देवाला वाहा, पोटात नको.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. खडीसाखरेचा गुलकंद चालेल ना? (सदाशिव पेठ)

उत्तर : खडीसाखर म्हणजे साखरच, फक्त मोठ्या खड्यांची. शिवाय उन्हात पाकळ्यांतलं पाणी आटतं, म्हणून समप्रमाणात घातलेल्या गुलकंदातही निम्म्याहून बरीच जास्त साखर उरते. वासाची आवड असेल तर सावलीत वाळवलेल्या पाकळ्या चमचाभर, कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून बिनसाखरेचं द्या.

प्रश्न : पाकळ्या उकळून गुलाबजल केलं, चार दिवसांत गढूळ झालं. डोळ्यांत घालायचं होतं. (हडपसर)

उत्तर : डोळ्यांत घरचं काहीही घालू नका, ते निर्जंतुक नसतं आणि बुबुळाला संसर्ग होऊ शकतो. तुम्ही केला तो काढा. गुलाबजल वाफेतून मिळतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेतून बांबूच्या नळीने वाफ नेतात. घरी पसरट पातेलं पुरतं. मधे छोटं स्टँड, त्यावर वाटी, भोवती 100 ग्रॅम पाकळ्या आणि अर्धा लिटर पाणी. पाण्याची पातळी वाटीच्या काठाखाली हवी. झाकण उलटं ठेवून वर बर्फ, आच मंद. वाफ झाकणाला लागून मधल्या वाटीत ठिबकते. वाटीत साधारण 100 मिली जमलं की गॅस बंद करा. पुढे येतं ते जवळजवळ नुसतं पाणी. मोठ्या आचेवर पातेल्यातलं पाणी उसळून वाटीत पडतं आणि सगळं गढूळ होतं. उकळून वाळवलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात संपवा. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा.

प्रश्न : कुंडीतल्या गुलाबाला केशरी फळं धरलीत. उपयोग होतो का? (बिबवेवाडी)

उत्तर : झाडावर फवारणी नसेल तर होतो. त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असतं, पण फार उकळलं की ते कमी होतं. बियांभोवतीची बारीक लव घशाला खाजवते. फळ चिरून ती पूर्ण खरवडा आणि फळं उकळलेलं पाणी दुहेरी कापडातून गाळा. फुलंच हवी असतील तर फळ धरू देऊ नका, सुकलेलं फूल, ज्या देठावर पाच पानं आहेत अशा पहिल्या देठाच्या वर छाटा.