दवाखान्याचं बिल कुणाच्या खिशातून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात बरीच पत्रं मुलंबाळं परदेशी असलेल्या घरांतून आली. खालचे आकडे २०२५ सालचे आहेत. दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा आकडा पाहून घ्या.

प्रश्न : मुलगा म्युनिकला नोकरीला लागला. पगारातून आरोग्य विम्याची बरीच कपात होते. खासगी कंपनी त्याहून कमी हप्त्यात विमा देते आहे. घ्यावा का? आणि आम्हा दोघांची नावं त्याच्या विम्यात घालता येतील का? (पुणे)

घाई करू देऊ नका. जर्मनीत १८८३ च्या कायद्यापासून आजारपणाचा खर्च 'क्रांकेनकासे', म्हणजे आजारनिधी, उचलतात. त्यांची वर्गणी पगारावर ठरते, प्रकृतीवर नाही. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर निधीनुसार जादा वर्गणी, सरासरी २.५ टक्के. दोन्हींचा निम्मा भार मालकावर. महिन्याचा ढोबळ (कपातीआधीचा) पगार ४,००० युरो धरला तर मुलाचे ३४२ युरो कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते. महिन्याला ५,५१२.५० युरोंच्या वर कितीही पगार असला तरी वरच्या रकमेवर वर्गणी नाही. सुश्रूषा विम्याची, म्हणजे दीर्घकाळ देखभाल लागली तर उपयोगी पडणाऱ्या विम्याची, कपात निराळी, ती यात धरू नका.

नोकरदाराला खासगी विम्यात जाता येतं ते पगार वर्षाला ७३,८०० युरोंहून जास्त असेल तरच. तिथला हप्ता वय आणि प्रकृती बघून ठरतो, त्यामुळे पंचविशी-तिशीतल्या धडधाकट माणसाला तो स्वस्तच पडणार. खरी मेख लग्नानंतर कळते. आजारनिधीत न कमावणारी बायको आणि मुलं त्याच वर्गणीत सामावतात; खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. पुन्हा निधीत यायचं तर पगार त्या मर्यादेच्या खाली उतरावा लागतो, आणि पंचावन्न उलटल्यावर ते दार जवळपास बंदच होतं. संसार तिथेच थाटायचा असेल तर त्यानं निधी सोडू नये, असं आम्ही स्पष्ट सांगू.

आई-वडील या विम्यात येत नाहीत, फक्त जोडीदार आणि मुलं येतात. तुम्ही भेटीला जाल तेव्हा शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागेलच.

मुलाला एक सांगा : पावत्या टाकून देऊ नकोस. रुग्णालयात दिवसाला १० युरो (वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस) आणि चिठ्ठीवरच्या औषधाला साधारण ५ ते १० युरो रुग्णाला भरावे लागतात. हे सगळं मिळून घरच्या वार्षिक ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेलं, दीर्घ आजारात १ टक्क्यावर, की पुढची भर माफ होते. पण अर्ज केला तरच.

प्रश्न : इंग्लंडमध्ये उपचार फुकट असतात, मग व्हिसाच्या वेळी आरोग्याचे एवढे पैसे कसले घेतात? (ठाणे)

एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. ती मुख्यतः करांवर चालते, म्हणून डॉक्टरच्या दारात पैसे मागत नाहीत. बाहेरून राहायला येणाऱ्याकडून मात्र आरोग्य अधिभार आगाऊ घेतात : प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालच्यांना ७७६. नवरा-बायको आणि दोन मुलं तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर निघाली तर वर्षाचे ३,६२२, म्हणजे तीन वर्षांचे १०,८६६ पौंड अर्ज करतानाच एकरकमी भरायचे. व्हिसाचं शुल्क त्याहून वेगळं. पुष्कळांची गणितं इथेच कोलमडतात, कारण नोकरीचं पत्र बघताना ही रक्कम कुणी धरलेली नसते. कंपनी भरणार का, हे होकार देण्याआधी लेखी विचारा. आरोग्य व सेवा क्षेत्राच्या व्हिसावर जाणाऱ्या नर्स, डॉक्टर यांना हा अधिभार नाही.

इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही नाही. वर्षात बारा किंवा जास्त औषधं लागणार असतील तर ११४.५० पौंडांचा वार्षिक पास काढावा. साठी ओलांडलेल्यांना ती फुकट.

पाहुणे म्हणून जाणाऱ्या आई-वडिलांनी लक्षात ठेवावं : तातडीच्या कक्षातले उपचार मोफत, पण दाखल करून घेतलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंडांची थकबाकी दोन महिने राहिली तर ती गृहखात्याला कळवली जाते आणि पुढचा व्हिसा अडू शकतो.

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. मला रक्तदाब, हिला मधुमेह. कुठला विमा घ्यावा? (नाशिक)

सगळ्यात जास्त फसगत याच बाबतीत होते, म्हणून सविस्तर लिहितो. मुलीच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील सहसा येत नाहीत. पाहुण्यांच्या विम्यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, डॉक्टरच्या भेटीला इतकी, रुग्णालयाच्या दिवसाला इतकी, आणि वरचं सगळं तुमचं. हप्ता कमी असतो, म्हणून खपते तीच. अमेरिकेतल्या बिलापुढे ती टिकत नाही. दुसरी सर्वसमावेशक, ती घ्या.

तिचं गणित असं चालतं. समजा 'डिडक्टिबल', म्हणजे आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलर आहे आणि पुढच्या ५,००० डॉलरांत तुमचा वाटा २० टक्के. बिल ३०,००० झालं तर आधी ५०० तुमचे, मग ५,००० चे २० टक्के म्हणजे १,०००. एकूण १,५०० तुमचे, उरलेले २८,५०० कंपनीचे. मात्र रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमधलं, म्हणजे तिच्याशी करार असलेलं, हवं आणि पॉलिसीची कमाल रक्कम पुरेशी हवी. सत्तरीनंतर ही कमाल रक्कम बऱ्याच योजनांत एकदम खाली येते. ती ओळ आधी वाचा.

आता तुमचे आजार. 'जुन्या आजाराचा अचानक उद्भव' एवढंच बहुतेक योजना मान्य करतात : कसलीही आगाऊ लक्षणं नकोत आणि सहसा २४ तासांत उपचार घेतलेले हवेत. साखर तपासणं, गोळी बदलून घेणं, नेहमीची तपासणी यांना पैसे मिळत नाहीत. तेव्हा निघण्याआधी इथेच तपासण्या उरका. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. ९० दिवसांपर्यंतचा साठा सहसा चालतो.

ताप, मुरगळ यासाठी 'अर्जंट केअर' (किरकोळ तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना) गाठा, इमर्जन्सी रूमचं बिल कितीतरी पट येतं. छातीत दुखलं तर मात्र विचार करत बसू नका, सरळ ९११ ला फोन करा. १९८६ च्या कायद्यानं इमर्जन्सी कक्ष असलेल्या जवळपास सगळ्या रुग्णालयांना तपासणी आणि प्रकृती स्थिर करणं बंधनकारक आहे, पैसे असोत नसोत. बिल मागाहून येतंच. ते आलं की बाबवार बिल मागा आणि एकेक ओळ पडताळा, एकच तपासणी दोनदा लागलेली सापडू शकते. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावं लागतं. त्याचा अर्ज मागायला संकोचू नका. ठरवून घेतलेल्या उपचारासाठी विमा नसलेल्याला आधी लेखी अंदाजपत्रक मिळतं, आणि बिल त्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

प्रश्न : टोकियोत पुतण्याची शस्त्रक्रिया झाली. खर्च १० लाख येन, त्यानं ८७,४३० च भरले. हा आकडा आला कुठून? (नागपूर)

जपानमध्ये १९६१ पासून सगळ्यांना विमा आहे आणि सत्तरीच्या आतल्यांचा वाटा ३० टक्के, म्हणजे इथे ३ लाख येन. पण एका महिन्यात किती भरायचं याला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा आहे. मधल्या गटाचं सूत्र : ८०,१०० अधिक (एकूण खर्च वजा २,६७,०००) चा १ टक्का. १० लाखांतून २,६७,००० गेले, उरले ७,३३,०००, त्याचा १ टक्का ७,३३०. झाले ८७,४३०. विम्याची कुठलीही योजना पाहताना आम्ही आधी अशी मर्यादा शोधतो, कारण ती नसली तर ३० टक्केसुद्धा घर विकायला लावू शकतात.

मोजणी मात्र कॅलेंडरच्या महिन्यानं होते. २५ तारखेला दाखल होऊन पुढच्या ८ ला घरी आलं तर मर्यादा दोनदा लागते, तेव्हा तारीख आपल्या हाती असेल तर महिन्याच्या सुरुवातीची मागावी. बारा महिन्यांत चौथ्यांदा मर्यादा गाठली की ती ४४,४०० वर उतरते. जेवण आणि स्वतंत्र खोलीचे पैसे यात धरत नाहीत. मर्यादा आधीच लागू करून घेतली नसेल तर ३ लाख भरून परतावा मागावा लागतो. त्याला तीनेक महिने लागतात आणि मुदत दोन वर्षांची.

प्रश्न : जर्मनीसारखं आपल्याकडे काहीच नाही का? (इचलकरंजी)

आहे, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. मूळ कायदा १९४८ चा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. पगार २०,००० असेल तर तुमचे १५० आणि मालकाचे ६५०. यात अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, जे जर्मनीत नाही. आजारी पडल्यास पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, मात्र त्याआधीच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. वर्गणी-काळ दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगारवाढ होऊन २१,००० ओलांडले तरी तो काळ संपेपर्यंत कपात आणि हक्क दोन्ही चालू राहतात. कपात होऊनही विमा क्रमांक मिळाला नसेल तर पगारपत्रकाची प्रत घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. मालकानं वर्गणी थकवली तरी उपचाराचा तुमचा हक्क जात नाही, हे तिथे ठामपणे सांगा.