डॉक्टरताईंना विचारा: ती फाईल रद्दीत घालू नका

प्रश्न: मे २०२१ मध्ये मला सातवा महिना होता. आधी यजमानांना कोविडचा ताप आला, दोन दिवसांनी मला. ऑक्सिजन ९१ पर्यंत उतरला, सहा दिवस नळी लावून होते. बरी होऊन घरी आले आणि चौतिसाव्या आठवड्यात बीपी १६०/११० झालं, लघवीत प्रोटीन सापडलं. तातडीने सिझर करावं लागलं. मुलगी १ किलो ८०० ग्रॅमची, बारा दिवस पेटीत होती. आता शाळेत जाते, अखंड बडबड करते. आम्हाला दुसरं मूल हवंय, पण धीर होत नाही. पुन्हा तसंच होईल का? मुलीला पुढे काही त्रास होईल का? सासूबाई अजून म्हणतात, 'पोटुशी असताना बँकेत जायची काय गरज होती?' खरंच माझं चुकलं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही पत्राच्या तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलाय. नाही, तुमचं चुकलं नाही. बँकेचे काउंटर तेव्हा चालू होते, म्हणजे कुणीतरी त्यामागे बसणारच होतं. शिवाय ताप आधी यजमानांना आला हे तुम्हीच लिहिलंय. सासूबाईंच्या हिशोबात ते बसलेलं दिसत नाही.

त्यांना एक तारीखही सांगा. गरोदर बायकांना लस द्यायला केंद्र सरकारने मंजुरी दिली ती २ जुलै २०२१ ला. तुमच्या वयाच्या इतरांना १ मेपासून लस खुली झाली होती, निदान कागदावर तरी. तुम्ही त्या महिन्यात केंद्रावर गेला असतात, तर पोट बघून परत पाठवलं असतं. आम्ही डॉक्टरसुद्धा 'जरा थांबा' असंच सांगत होतो. मीही सांगितलंय, आणि कुणाकुणाला सांगितलं ते मला अजून आठवतं.

पहिल्या लाटेने आम्हाला थोडं गाफील केलं होतं. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०२० मध्ये कोविड झालेल्या शेकडो जणी बाळंत होऊन बाळासह घरी गेल्या. बहुतेकींना खोकलाही नव्हता. आम्हाला वाटलं, चला, एवढं काही नाही. पुढच्या वर्षी ते खोटं ठरलं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, दोन्ही लाटांमधल्या १,५३० गरोदर बायका आणि बाळंतिणींची नोंद ताडून पाहिली. लक्षणं असणाऱ्या पहिल्या लाटेत १४.२ टक्के होत्या, दुसरीत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं.

हे आकडे मला एका बाईच्या चालण्यातून कळले होते. एप्रिलमध्ये एक जण आठव्या महिन्याच्या तपासणीला आली. 'थोडी कणकण आहे, बाकी काही नाही,' असं म्हणाली. बोटाला नेलपेंट होतं म्हणून ऑक्सिमीटर आकडा दाखवेना. एका नखाचं नेलपेंट खरवडून लावला, ९५. ठीक वाटलं. तरी म्हटलं, बाई, दारापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत सहा मिनिटं येरझाऱ्या घाल. चौथ्या मिनिटाला ती भिंतीला हात लावून उभी राहिली. हातातल्या बांगड्या थरथरत होत्या आणि आकडा ९०. दुपारी तीनला फोन करायला बसले, बेड मिळाला रात्री साडेअकराला. ती एकोणीस दिवसांनी चालत घरी आली. त्या महिन्यात मी पाठवलेल्या सगळ्याच परत आल्या नाहीत.

गर्भारपणात असं झपाट्याने का होतं? वाढलेलं गर्भाशय खालून रेटतं, त्यामुळे छातीचा पडदा साधारण चार सेंटीमीटर वर सरकतो आणि फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. ऑक्सिजनची गरज मात्र वीसेक टक्क्यांनी वाढलेली असते. थोडक्यात, खर्च वाढलाय आणि गल्ल्यात शिल्लक कमी. बँकेतल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. म्हणून गरोदर बाईचा ऑक्सिजन ९५ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. तुमचा ९१ झाला होता आणि तुम्ही वेळेत पोहोचलात. तेव्हा कुणीतरी धावाधाव केली असणार. ते यजमान असतील, तर या प्रकरणात त्यांच्याही नावावर काही जमा आहे.

आता बीपीचं. हा विषाणू फुप्फुसात शिरतो, पण त्रास रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही देतो, आणि वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारी प्लासेंटा, हे रक्तवाहिन्यांचंच जाळं. काही जणींच्या वारेत सूज येऊन फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, साचलेलं आढळलं. त्यातल्या काहींची बाळं पोटातच गेली. १८ देशांतल्या ४३ रुग्णालयांमध्ये ७०६ कोविडबाधित आणि १,४२४ बाधा नसलेल्या गरोदर बायकांची तुलना झाली. बाधितांमध्ये प्रीएक्लॅम्प्शिया, म्हणजे तुम्हाला झालं ते बीपी, पावणेदोन पट जास्त दिसलं. दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणाऱ्याही जास्त होत्या. तरी तुमचं बीपी कोविडमुळेच वाढलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पहिलटकरणीला ते एरवीही होतं, आणि तुम्ही पहिलटकरीणच होतात.

पुन्हा होईल का? प्रीएक्लॅम्प्शिया झालेल्या साधारण सहा-सात जणींमागे एकीला पुढच्या खेपेला परत होतो. बाळंतपण जितकं लवकर करावं लागलं असेल तितकी शक्यता जास्त. म्हणजे बहुतेकींना होत नाही, पण तुम्ही बेसावध राहायचं नाही.

म्हणून आधी ती फाईल शोधा. कपाटाच्या वर, जुन्या लग्नपत्रिकांखाली असेल. डिस्चार्ज कार्ड, बीपीचा तक्ता, सिझरची नोंद, स्टेरॉइड दिलं होतं का, सगळं हवंय. 'कोविडचा विषय संपला' म्हणून लोकांनी ते कागद रद्दीत घातले आणि आता आम्हाला तोंडी इतिहासावर काम करावं लागतं. 'कसलीतरी पांढरी गोळी होती' हे उत्तर मी आठवड्यातून तीनदा ऐकते.

फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा, दिवस राहण्याच्या आधी जा. बीपी, साखर, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून घ्या. वजन वाढलं असेल तर थोडं उतरवा. फॉलिक अ‍ॅसिड दोन-तीन महिने आधीपासून सुरू करा. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत 'मागच्या खेपेला बीपी झालं होतं' हे सांगा, कारण अशा बायकांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून देतात आणि ती सोळाव्याच्या आत सुरू झालेली बरी. पाचव्या महिन्यात गेलात तर ती संधी हुकलेली असते. मनाने मात्र घेऊ नका. सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळतात त्याही घ्या, पण लोहाच्या गोळीबरोबर एकदम नको.

दुसरं मूल होवो न होवो, वर्षातून एकदा बीपी तपासा. प्रीएक्लॅम्प्शिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा दुपटीच्या आसपास असतो. बाळंतपणाचं बीपी बाळंतपणाबरोबर गेलं असं घरातले समजतात, आणि बऱ्याचदा डॉक्टरही.

मुलीबद्दल: आईकडून पोटातल्या बाळाला हा विषाणू क्वचितच जातो. पुण्याच्या ससूनमध्ये २०२० मध्ये तसं एक बाळ नोंदवलं गेलं, तेही बरं झालं. तुमच्या लेकीला जपायचं ते कमी दिवसांची म्हणून. डोळे आणि कान तपासून झाले असतील आणि ती अखंड बडबडत असेल, तर माझी काही तक्रार नाही. तुमची असू शकते.

प्रश्न: बायको बाळंत होऊन नऊ दिवस झाले. तिला ताप आला, कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली. माझ्या आईने बाळ वेगळ्या खोलीत नेलं आणि चमच्याने गाईचं दूध पाजतेय. योग्य आहे का?
— बाळाचे बाबा, उल्हासनगर

उत्तर: बाळ आत्ता उचला आणि आईजवळ द्या, पत्राचा उरलेला भाग नंतर वाचा. आईच्या दुधातून हा आजार जात नाही, उलट त्यातून बाळाला प्रतिपिंडं मिळतात. आईने मास्क लावायचा, साबणाने हात धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. धाप लागली, छातीत दुखलं, एका पायाला सूज येऊन दुखू लागला किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला तर लगेच दवाखाना. बाळंतिणीच्या रक्तात गुठळी व्हायची शक्यता आधीच जास्त असते. आणि ओली बाळंतीण आहे, ताप दुधाचा, टाक्यांचा किंवा गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाचाही असू शकतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून बाकी तपासायचं सोडू नका. आजींना म्हणावं, रागावू नका, बाळाला ढेकर काढायला तुम्हीच लागणार आहात.

प्रश्न: २०२१ मध्ये कोविडच्या लसीचे दोन डोस घेतले. लग्नाला तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. लसीचाच परिणाम ना?
— आशा सोडलेली, चाळीसगाव

उत्तर: नाही. लसीनंतर काहींची पाळी एखाददुसरा दिवस मागेपुढे झाली, तेही एक-दोन महिनेच. वंध्यत्व येत नाही. तुमच्या सात पानी पत्रात तुमच्या चार सोनोग्राफी आहेत, थायरॉइडचे तीन रिपोर्ट आहेत, नाशिकच्या दोन फेऱ्या आहेत. यजमानांच्या वीर्यतपासणीबद्दल एक ओळ नाही. तीन ते पाच दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा असतो, खर्च तुमच्या एका सोनोग्राफीपेक्षा कमी. तो रिपोर्ट पाठवा, मग आपण बोलू.